मॉरिशसमधले ऑल इन्क्लुझिव्ह हॉटेल: तीन पिढ्यांच्या मुक्कामानंतरचे मत

मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक या गावाच्या बाजूला, समुद्राला लागून मोठ्या हॉटेलांची रांग आहे. त्यांपैकी एका हॉटेलात दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब राहिलो: सासू-सासरे, आम्ही दोघे आणि प्राथमिक शाळेत जाणारी दोन मुले. योजना ऑल इन्क्लुझिव्ह होती, म्हणजे खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, पेये आणि समुद्रावरचे काही खेळ या सगळ्याचे पैसे निघण्याआधीच भरून झाले होते. हॉटेलाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण या किनाऱ्यावरच्या अशा बहुतेक हॉटेलांच्या योजनांचा साचा सारखाच असतो आणि मला सांगायचे आहे ते त्या साच्याविषयी. ज्या कुटुंबातली निम्मी माणसे शाकाहारी आहेत आणि मद्याला शिवत नाहीत, अशा आपल्याकडच्या कुटुंबाला तो कितपत मानवतो, हा खरा प्रश्न आहे.

माझे मत आधी सांगते. वयस्कर माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर या योजनेचे पैसे सार्थकी लागतात, मात्र जाहिरातीत जे कारण दिलेले असते त्या कारणाने नाही. जाहिरात भरते ती खाण्यापिण्याने, आणि जेवणाची बाजू, निदान शाकाहाऱ्यांपुरती, आमच्या मुक्कामात सर्वांत कमकुवत निघाली. तरीही सासू-सासऱ्यांना घेऊन पुन्हा जायचे झाले तर मी हीच योजना घेईन.

मॉरिशसमध्ये हॉटेलातली खोली साधारणपणे तीन प्रकारे मिळते: नुसत्या न्याहारीसह, न्याहारी आणि रात्रीच्या जेवणासह, म्हणजे हाफ बोर्ड, आणि ऑल इन्क्लुझिव्ह. आम्ही चौकशी केली तेव्हा शेवटच्या दोन प्रकारांत मोठ्या माणसामागे दिवसाला सुमारे 45 युरोंचा फरक होता. मुलांना तो अगदीच थोडा होता. म्हणजे दुपारचे जेवण, चहा-कॉफी, फराळ आणि पेये एवढ्यासाठी चार मोठ्या माणसांचे रोजचे 180 युरो. यादी नीट वाचली की या रकमेचा मोठा वाटा कशासाठी आहे ते कळते. तिथली रम, फिनिक्स ही तिथलीच बिअर आणि हॉटेलने ठरवून दिलेली वाइन हे सगळे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत हवे तेवढे मिळते, आणि बाहेरून आलेल्या चढ्या किमतीच्या बाटल्यांचे पैसे मात्र वेगळे पडतात. ज्याला दिवसाकाठी चार-पाच पेले घ्यायचे आहेत त्याचे पैसे दुपारपर्यंतच वसूल होतात. माझे सासरे दिवसातून दोनदा चहा घेतात आणि फार तर एखादे लिंबूपाणी. निव्वळ आकड्यांचा विचार केला तर त्यांच्या नावावर भरलेल्या पैशांतून दुसऱ्याच कोणाची तरी सोय झाली.

अशा ठिकाणी एका खोलीतल्या सर्वांनी एकच योजना घ्यायची, हा नियम जवळजवळ सगळीकडे असतो, पण दोन खोल्यांना दोन वेगळ्या योजना घेता येतात. आमच्या एजंटाने हा मार्ग आपणहून सुचवला होता: ज्येष्ठांच्या खोलीला हाफ बोर्ड आणि आमच्या खोलीला ऑल इन्क्लुझिव्ह. ज्यांना खर्च आटोक्यात ठेवायचा आहे त्यांनी हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. आम्ही तो घेतला नाही. दुपारी आम्ही आणि मुले जेवायला बसणार आणि त्याच टेबलावर सासू-सासऱ्यांपुढे सहीसाठी बिलाची घडी येणार, हे चित्र आम्हा दोघांनाही नको होते.

त्या पिढीबरोबर ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही. मेनूकार्ड हातात आले की सासूबाई आधी उजवीकडचा किमतीचा रकाना वाचतात आणि मग डावीकडे येतात. भूक असली तरी ‘मला वेगळे काही नको, तुमच्यातलेच थोडे घेईन’ असे म्हणतात, चहा एकच मागवून दोघांत करतात, आणि परदेशात असतील तर मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार पुरा झाल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. इथेही सुरुवातीला खोलीतल्या फ्रिजमधली पाण्याची बाटली उघडण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिले होते. पण हॉटेलाने मनगटावर बांधलेला पट्टा पाहून कोणीच काही विचारत नाही, कुठे सही नाही, कुठे बिल नाही, हे एक-दोन दिवसांत त्यांच्या अंगवळणी पडले. मग एका दुपारी त्या आपणहून उठल्या, पोहण्याच्या तलावाकाठच्या काउंटरवर गेल्या आणि तिथल्या डोंगराळ भागात पिकणाऱ्या, व्हॅनिलाचा वास असलेल्या चहाचे दोन कप घेऊन आल्या, एक स्वतःसाठी आणि एक सासऱ्यांसाठी. इतक्या वर्षांत त्यांना बाहेरगावी दोन कप चहा सहजपणे घेताना मी पाहिले नव्हते. त्यानंतर मुलांना आइस्क्रीम देताना, शेजारच्या खुर्चीवरच्या फ्रेंच आजीबाईंना ‘तुम्हाला आणू का’ असे खुणेने विचारताना त्यांच्यात जो मोकळेपणा आला, तो मी या सहलीतली सर्वांत मोलाची गोष्ट मानते, आणि तो पैसे आधी भरून टाकल्यामुळेच आला.

या मोकळेपणाचा विचार करूनच ही पद्धत मुळात जन्माला आली. 1950 साली क्लब मेड या फ्रेंच संस्थेने स्पेनच्या मायोर्का बेटावर सुट्टीसाठीची पहिली वसाहत उभारली, तेव्हा सगळे पैसे आधी घ्यायचे आणि आत आल्यावर माणसाला पाकिटाची आठवणच होऊ द्यायची नाही, अशी तिची मांडणी होती. पुढे त्यांच्या वसाहतींत बारमधली पेयेसुद्धा पाहुणे गळ्यातल्या माळेचे मणी देऊन घेत असत. आताचा मनगटी पट्टा हा त्या मण्यांचाच वारस. आमच्या हॉटेलातले पट्टे मात्र कडक प्लास्टिकचे होते आणि त्यांच्या कडा धाकटीच्या मनगटाला काचत होत्या. स्वागतकक्षात सांगितल्यावर त्यांनी लगेच कापडी पट्टा बांधून दिला. लहान मुले असतील तर तो पहिल्यापासूनच मागून घ्यावा.

आता जेवणाविषयी, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. न्याहारी उत्तम होती. फळे, ब्रेड, अंडी हे सगळे होतेच, पण खरी जागा होती कोपऱ्यातल्या तव्याची. तिथे एक बाई समोरच्या समोर फराटे लाटून भाजत. फराटा म्हणजे मैद्याचा, घडीचा, आपल्या परोठ्यासारखा प्रकार. तव्यावर तेल सोडून दोन्ही अंगांनी भाजल्यावर त्या तो दोन तळहातांत धरून टाळी वाजवावी तसा दाबत, त्याबरोबर त्याचे पदर सुटत, आणि मग त्यावर पांढऱ्या घेवड्याची रस्सा भाजी, टोमॅटोची लसूण घातलेली रुगाय आणि कोथिंबिरीची चटणी घालून गुंडाळी करून देत. मोहरी-हळद लावलेले कोबी-गाजराचे आशारही असे, जे आपल्या लोणच्याच्या फार जवळचे आहे. शेजारी छोट्या गोल, वाटाण्याच्या डाळीच्या मिरची घातलेल्या भज्या, ज्यांना तिकडे गातो पिमाँ म्हणतात, गरमागरम येत. सासऱ्यांनी रोज त्याच तव्यापाशी रांग लावली आणि ते अगदी बरोबर होते, कारण त्या संपूर्ण भोजनगृहात मनापासून केलेले शाकाहारी अन्न तिथेच होते.

रात्री मात्र चित्र बदले. बुफे पाहताना डोळे दिपत. भाजलेले मासे, कालवे, ऑक्टोपसची आमटी, मोहरी आणि हळदीत मुरवलेली माशांची व्हिंदाय, निखाऱ्यावरचे मांस. मांसाहार करणाऱ्या माझ्या पतींनी त्या स्वयंपाकाची मनापासून तारीफ केली, आणि ऑक्टोपसच्या आमटीबद्दल तर ते अजूनही बोलतात. शाकाहाऱ्यांसाठी ‘इंडियन कॉर्नर’ नावाची जागा होती आणि तिच्यात एक पिवळी डाळ, एक पनीर आणि भात रोज हजर असत. भाजीच्या टोमॅटोच्या रश्शात कधी मटार पडत, कधी गाजर, एवढाच फरक. तक्रार तोचतोचपणाची असती तर मी इथे लिहिली नसती. तक्रार पाट्यांची आहे. परतलेल्या नूडल्सवर हिरवे पान काढलेली शाकाहारी खूण होती. सासूबाईंनी बशीत घेण्याआधी मी सवयीने विचारले, तेव्हा वाढणाऱ्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले की त्यात ऑयस्टर सॉस आहे, म्हणजे कालवांपासून केलेला. त्याच्या मते मांस नव्हते म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला. गोडाच्या टेबलावरच्या पान्ना कोत्ता आणि फळांच्या मूसमध्ये जिलेटिन होते, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून होते हे पाटीवर कुठेच लिहिलेले नव्हते. डाळ आणि चिकनच्या रश्शात एकच डाव फिरताना मी डोळ्यांनी पाहिला.

मी त्याच रात्री मुख्य आचाऱ्यांना भेटायची विनंती केली. ते आले, उभ्याने पूर्ण ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी पदार्थ वेगळे काढून ठेवण्याची व्यवस्था त्यांनी केली. ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली, याबद्दल मला त्यांचे कौतुक आहे. पण जो माणूस विचारत नाही, ज्याला इंग्रजी किंवा फ्रेंच येत नाही, जो पाटीवरच्या हिरव्या पानावर विश्वास ठेवतो, त्याचे काय? ज्या देशाच्या लोकसंख्येचा फार मोठा भाग भारतीय वंशाचा आहे आणि जिथे घरोघरी शाकाहाराचे वार पाळले जातात, तिथल्या हॉटेलाला हे कळत नाही असे म्हणता येणार नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात हे ठाऊक असलेली माणसे काम करतात. त्यांना पाट्या लिहिताना कोणी विचारत नाही, इतकेच. सगळ्या जेवणाचे पैसे आधी घेतल्यावर पाहुण्याला दुसरीकडे जायचा मार्ग उरत नाही, त्यामुळे ताटात काय आहे हे बिनचूक सांगण्याची जबाबदारी अशा हॉटेलावर इतरांपेक्षा अधिक आहे, आणि या एका बाबतीत मी त्यांना कमी गुण देईन.

त्याच स्वयंपाकघराची दुसरी बाजूही सांगायला हवी. आमच्या मुक्कामात कार्तिकी एकादशी आली. सासूबाईंनी आदल्या दिवशीच फळांवर राहायचे ठरवले होते. सकाळी फराटा नको म्हटल्यावर तव्यामागच्या बाईंनी हात थांबवून चक्क मराठीत विचारले, ‘आजी, आज उपवास आहे का?’ त्या जवळच्याच कास्काव्हेल गावच्या. घरी क्रेओल ही तिथली बोली बोलतात, मराठी त्या शाळेत शिकल्या, आणि त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून आले एवढे त्यांना ठाऊक होते. दुपारी त्यांनी आत सांगून उकडलेली रताळी आणि मॅनिओक, म्हणजे कसावाचा कंद, वर नुसते मीठ आणि नारळ घालून आमच्या टेबलावर पाठवला. मॅनिओक उपवासाला चालेल की नाही, अशी सासूबाईंना शंका होती, पण आपला साबुदाणा याच कंदाच्या पिठापासून होतो असे सासऱ्यांनी सांगितल्यावर त्यांनी तो आवडीने खाल्ला. हा पदार्थ कुठल्याही योजनेच्या यादीत नव्हता आणि त्याचे पैसेही कोणी मागितले नाहीत.

समुद्राबद्दल फार बोलायला नको, कारण तो अपेक्षेइतकाच चांगला आहे, पण कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बेटाभोवती बराचसा भाग प्रवाळाच्या कड्याने वेढलेला आहे. मोठ्या लाटा त्या कड्यावर फुटतात आणि आतल्या उथळ पाण्यात पोचेपर्यंत त्यांचा जोर गेलेला असतो. भरती-ओहोटीतला फरकही जेमतेम हातभर. गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला मुलांना पाण्यात सोडताना आपला जीव जसा टांगणीला लागतो तसे इथे होत नाही, आणि गुडघाभर पाण्यात सासूबाई नातवंडांचा हात धरून निवांत उभ्या राहू शकल्या. मात्र तळाशी तुटलेल्या प्रवाळाचे टोकदार तुकडे आहेत, काळ्या काट्यांचे समुद्री अर्चिन आहेत, आणि दगडासारखा दिसणारा विषारी स्टोनफिश या पाण्यात सापडतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट घालूनच उतरावे. ते इथून घेऊन जावेत. हॉटेलातल्या दुकानात त्यांची किंमत फार आहे. पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या तरंगत्या खुणांपलीकडे बोटींची ये-जा असते आणि कड्यातल्या फटींपाशी पाण्याला ओढ असते, तेव्हा चांगले पोहणाऱ्यांनीही ती हद्द पाळावी.

काचेच्या तळाची बोट, कयाक, पायाने चालवायची बोट आणि पाण्याखाली पाहायचे मुखवटे हे योजनेत धरलेले होते. इंजिनावर चालणारे खेळ, स्कूबा आणि खोल समुद्रातली मासेमारी यांचे पैसे वेगळे. काचेच्या तळाच्या बोटीसाठी सकाळीच फलकावर नाव लिहावे लागते आणि यादी न्याहारीआधी भरते, हे कोणी सांगत नाही. सासरे पहाटे फिरायला जात, ते काम त्यांनी आपल्याकडे घेतले. त्या बोटीतून निळ्या-पिवळ्या माशांपेक्षाही अधिक लक्षात राहिले ते प्रवाळाचे पांढरे पडलेले पट्टे. पाणी तापले की प्रवाळ आपल्यातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि त्याचा रंग जातो, असे बोट चालवणाऱ्याने मुलांना समजावून सांगितले. हॉटेलाच्या माहितीपत्रात ही माहिती नाही. त्याने ती आपणहून दिली, हे मला फार आवडले.

मुलांच्या क्लबबद्दल तक्रारीला जागा नाही. चार वर्षांपुढच्या मुलांना तिथे ठेवता येते, कर्मचारी इंग्रजी आणि फ्रेंच बोलतात, नारळाच्या पातीचे पक्षी विणणे आणि सेगा या तिथल्या लोकनृत्याच्या तालावर नाचणे शिकवतात, आणि टीव्ही बंद असतो. त्याहून लहान मुलांना सांभाळायला बाई मिळते, पण तासाचे पैसे पडतात. दिवसभर फुकट मिळणाऱ्या रंगीत बर्फाच्या पेयांवर मात्र आईबापांनी स्वतःच मर्यादा घालावी, हॉटेल ती घालत नाही.

शनिवारी रात्री सेगाचा कार्यक्रम असतो. सेगा हे गुलामगिरीच्या काळात मॉरिशसमध्ये आणलेल्या आफ्रिकी आणि मालागासी, म्हणजे मादागास्करच्या, माणसांचे गाणे-नाचणे, आणि 2014 साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. जेवणाच्या वेळी मंचावर जो भाग झाला तो झगमगीत घागऱ्यांचा, पाहुण्यांना ओढून नाचवण्याचा होता आणि मला तो लांबलेला वाटला. पण त्यानंतर वाळूवर शेकोटी पेटली तेव्हा वादकांनी राव्हानची, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याने मढवलेल्या मोठ्या डफाची, पाने ज्वाळेपुढे धरून तापवायला सुरुवात केली. कातडे ताणले गेले की बोटांनी वाजवून पाहायचे, पुन्हा धरायचे, पुन्हा वाजवायचे, असे बराच वेळ चालले. आपल्याकडे शाहिराचा डफ शेकताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या माणसांच्या हातातली सावधगिरी ओळखीची वाटेल. तोवर बहुतेक पाहुणे बारकडे वळले होते. मंचावरचा कार्यक्रम अर्ध्यावर आणून हा भाग वाढवला तर हॉटेलाचा खर्च कमीच होईल आणि पाहणाऱ्याच्या पदरात कितीतरी अधिक पडेल.

ऑल इन्क्लुझिव्हचा मोठा दोष असा की पैसे भरलेले असल्यामुळे बाहेर पडावेसे वाटत नाही. दुपारचे जेवण चुकले तर ते पैसे वाया गेले असे मन म्हणते. म्हणून दोन गोष्टी सांगते. आदल्या संध्याकाळी सांगितले तर हॉटेल सोबत न्यायला डबा देते. शाकाहारी डब्यात काकडी-चीजचे सँडविच, फळ आणि पाणी एवढेच असते, पण तो मिळतो. आणि दुसरे म्हणजे, निदान एका दुपारी तो डबाही घेऊ नये. फ्लिक-आँ-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाड्या उभ्या असतात. तिथे ढोल पुरीची जोडी मिळते, पातळ, आत वाटाण्याच्या डाळीचे पुरण, वर घेवडा आणि चटणी. जोडीला वीस-पंचवीस मॉरिशियन रुपये पडले, आणि एक मॉरिशियन रुपया तेव्हा आपल्या दोन रुपयांहून थोडा कमी होता. आमच्या संपूर्ण कुटुंबाचे पोट एका युरोपीय कॉफीच्या पैशात भरले आणि सासूबाईंच्या मते त्या सहलीतले सर्वांत चांगले जेवण तेच.

हॉटेलापुढची वाळू हॉटेलाच्या मालकीची नसते, हेही माहीत असावे. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सार्वजनिक आहे. हॉटेलाच्या आरामखुर्च्या त्याच्या पाहुण्यांसाठी असल्या तरी पाण्याकाठाने कोणीही चालू शकतो. रविवारी स्थानिक कुटुंबे भांडी, चटया, नातवंडे घेऊन येतात. आमच्या हॉटेलाचा रखवालदार त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मला आवडली नाही, आणि मी तसे अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले.

मराठी वाचकांनी बाहेर पडण्याचे आणखी एक कारण आहे. 1834 पासून जवळपास पाच लाख गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर भारतातून मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येते, आणि कोकणातल्या जाखडीचे तिकडचे रूप, झाकरी, अजून नाचले जाते. हे मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुईमधला आप्रवासी घाट 2006 साली जागतिक वारसा ठरला. त्याच्या दगडी पायऱ्या थोड्याच आहेत आणि पाहायला फार वेळ लागत नाही, पण सासरे तिथे बराच वेळ थांबले, भिंतीवरच्या प्रत्येक फलकापुढे. हॉटेलाच्या सहल-काउंटरवर डॉल्फिन, शामारेलची सातरंगी माती, प्राणिउद्यान हे सगळे छापील यादीत होते. आप्रवासी घाट यादीत नव्हता. आम्ही टॅक्सी ठरवून गेलो. डॉल्फिनच्या सहलीबद्दल म्हणाल तर तामारँच्या खाडीत एकेका कळपाभोवती इतक्या बोटी गोळा होतात की ती टाळलेलीच बरी.

हवामान आणि जागा निवडण्याबाबत थोडक्यात. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने आपल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे हिवाळा लागत असतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याचा मारा पूर्व किनाऱ्यावर जोरात असतो. वयस्कर माणसांना घेऊन त्या काळात गेलात तर पश्चिमेचीच बाजू निवडावी. दिवाळीनंतरचा काळ आम्हाला मानवला: ऊन होते, पण घाम नव्हता. चक्रीवादळांचा धोका मुख्यतः जानेवारी ते मार्च असतो. खोली तळमजल्यावरची मागावी, कारण या हॉटेलांच्या दुमजली-तिमजली इमारतींना बहुधा लिफ्ट नसते आणि खोलीपासून भोजनगृहापर्यंतचे चालणेच पुष्कळ होते.

आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे ते असे: शाकाहारी पदार्थांत ऑयस्टर सॉस, फिश सॉस आणि जिलेटिन नाही ना; मेनूकार्डावरून मागवायच्या वेगळ्या उपाहारगृहात योजनेतून किती वेळा जेवता येते आणि त्यात कोणते पदार्थ वगळलेले आहेत; आणि शेवटच्या दिवशी योजना किती वाजता संपते. हा शेवटचा मुद्दा आमच्याबाबतीत महागात गेला. खोली अकराला सोडायची होती, विमान रात्रीचे होते, आणि बाराला पट्टे कापले गेले. त्यानंतर सामान ठेवायला जागा आणि अंघोळीसाठी एक सामायिक खोली मिळाली, पण पाण्याच्या बाटलीपासून सगळ्याला दर लागला, आणि सासूबाईंनी लगेच पुन्हा ‘मला काही नको’ म्हणायला सुरुवात केली. पुढच्या वेळी मी अर्ध्या दिवसाचे जादा पैसे आरक्षणाबरोबरच भरेन. हा दर हॉटेल संकेतस्थळावर देत नाही, पण विचारल्यावर सांगते, आणि आम्हाला नंतर जो आकडा कळला तो त्या दिवशी चार माणसांच्या दुपारच्या जेवणावर झालेल्या खर्चापेक्षा कमी होता.